सरवटेच्या पन्नाशीला जामठ्यात टाळी वाजवली. चुकलो का?

बर्डीवाला

परवा इराणी चषकासाठी नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर गेलो होतो. विदर्भानं शेष भारताला ९३ धावांनी हरवलं. आनंदात परत येताना गाडीत मित्रानं जुनंच उकरून काढलं, "याला काय विचारता बे, हा तर तिकडच्यांसाठी टाळ्या वाजवणारा माणूस." सगळे हसले, मीही हसलो. पण घरी आल्यावर झोप लागेना म्हणून हा धागा.

प्रसंग फेब्रुवारी २०२५ मधल्या रणजी अंतिम सामन्याचा, विदर्भ विरुद्ध केरळ. पहिला दिवस महाशिवरात्रीचा. सुट्टी होती म्हणून डब्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन आम्ही पाच जण सकाळीच पोचलो. २४ वर ३ गेले तेव्हा खिचडी घशाखाली उतरेना. मग दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ ची भागी केली. करुण ८६ वर धावबाद झाला, पण दिवस आमचा होता.

दुसऱ्या दिवशी आमचे ३७९ झाले. नळकांडेनं केरळचे दोन्ही सलामीवीर झटपट काढले, १४ वर २. आणि तिसऱ्या क्रमांकावर आला आदित्य सरवटे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा आमचा माणूस. नागपूरचा. २०१९ च्या अंतिम सामन्यात याच मैदानावर सौराष्ट्राविरुद्ध त्यानं ११ बळी घेतले होते, पुजाराला दोन्ही डावांत मिळून एक धाव करू दिली होती. त्या दिवशी मी अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून ओरडलो होतो. आणि आता तो केरळकडून खेळत होता. कारणं काय ती त्याची त्याला ठाऊक, मी त्यात शिरत नाही.

तर त्यानं पन्नाशी गाठली आणि माझे हात आपोआप उठले. चार-पाच टाळ्या वाजल्या असतील. बाजूच्या काकांनी मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी लग्नात मुलीकडच्यांचं जेवून मुलाकडच्यांचं गुणगान केलं. मी हात मांडीखाली घेतले. दुसऱ्या दिवशी तो ७९ वर हर्ष दुबेच्या चेंडूवर गेला, तेव्हा मी सगळ्यांत जोरात ओरडलो. आणि ओरडताना पोटात कसंतरीच झालं.

आपलं गाव, आपला संघ म्हणजे नेमकं काय? टोपी, मैदान की माणूस?

धंतोलीची_लेक

पन्नाशीला टाळी वाजवली यात चूक नाही. बाद झाल्यावर ओरडलास यातही नाही. पोटात झालं त्याचं औषध नाही. :)

माझे बाबा सिव्हिल लाइन्सच्या जुन्या व्हीसीए मैदानावर मला घेऊन जायचे. रणजीला तिकीट नसायचं, गर्दी नसायची, उन्हाचा मात्र तुटवडा नव्हता. ते मागच्या रांगेत बसून वहीत धावफलक लिहायचे आणि विदर्भाच्या २०० धावा होईपर्यंत एकही टाळी वाजवायचे नाहीत. "आधी दोनशे होऊ दे, मग बघू." कित्येक डाव विनाटाळीचे गेले. १९५७-५८ पासून आपण रणजी खेळतो, आणि पहिला करंडक आला १ जानेवारी २०१८ ला. साठ वर्षं! बाबांच्या वहीत त्या दिवसाचं पान आहे, पण त्यात धावा नाहीत. फक्त तारीख आणि खाली रेघ.

इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून १४५ कोणी केल्या होत्या आठवतं? ध्रुव शोरेनं. त्याच डावात गुरबानीची हॅटट्रिक. आता शोरे आपल्याकडून खेळतो. त्याला टाळी वाजवताना बाजूचे काका मान वळवतात का रे?

बर्डीवाला

@धंतोलीची_लेक, हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. येणाऱ्याला हार आणि जाणाऱ्याला हाड!

दादरकर_७९

विदर्भाचे लोक आता चाहतेपणाच्या दुःखाबद्दल बोलायला लागले, म्हणजे मोठे झाले. अभिनंदन. (हलकं घ्या.)

खरं दुःख ऐका. मे १९९१, रणजीचा अंतिम सामना, वानखेडे, समोर कपिल देवचा हरियाणा. मी बारा वर्षांचा, शाळेला सुट्टी, मामा घेऊन गेला होता. शेवटच्या दिवशी ३५५ हव्या होत्या. ३४ वर ३ झाले तेव्हा मामा म्हणाला, चल, गिरगावात पियूष पिऊन घरी जाऊ. पण सचिन आणि वेंगसरकर लागले मारायला, कसले निघतो! सचिन ९६ वर गेला. नुकताच अठरा पूर्ण झालेला पोरगा. मग एका बाजूनं माणसं जात राहिली आणि वेंगसरकर उभा. शेवटच्या जोडीला कुरुविला आला. या दोघांनी ४७ जोडल्या. पुन्हा वाचा, अकराव्या क्रमांकाच्या माणसाबरोबर सत्तेचाळीस. तीन हव्या असताना कुरुविला धावबाद झाला. वेंगसरकर नाबाद १३९, आणि मैदानात रडला.

कर्नल वेंगसरकर रडतोय हे मला समजतच नव्हतं. मोठी माणसं सामना हरून रडतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मामा चर्चगेटपर्यंत एक शब्द बोलला नाही. पियूष राहिलाच.

मुंबईनं ४२ वेळा रणजी जिंकली आहे. मला त्यातल्या बहुतेकांच्या धावसंख्या आठवत नाहीत. हे ३५२ मात्र दाताखाली खडा यावा तसं कधीही येतं.

बाकी मूळ प्रश्नाबद्दल: वसीम जाफर आमचा. मुंबईकडून आठ करंडक, मग तुमच्याकडे येऊन आणखी दोन. चाळिशी ओलांडल्यावर २०१८-१९ च्या मोसमात हजारावर धावा केल्या गड्यानं. तुमच्यासाठी केल्या, पण टाळी मी दादरला बसून वाजवली. बाजूला काका नव्हते, एवढाच फरक.

रंकाळ्याचा_वारा

तुमचं क्रिकेटचं सगळं सभ्य सभ्य असतंय राव. टाळी वाजवू का नको म्हणून धागा काढताय. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर असली टाळी वाजवली असती, तर धागा काढायला हात जाग्यावर असतं का बघा!

कोल्हापूरचा फुटबॉल म्हणजे पेठांचा. संघाची नावंच बघा की, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. कुस्तीच्या तालमी हो, तिथनंच फुटबॉल उभारला. आता आमच्या घरची गोष्ट. वडील शिवाजी पेठेतले, म्हणजे शिवाजी तरुण मंडळ. आईचं माहेर मंगळवार पेठ, म्हणजे पाटाकडील. या दोघांत मॅच असली की आदल्या रात्रीपास्नं घरात बोलणं बंद. आई भाकरी थापताना आवाजावरनं कळायचं उद्या काय हाय ते. एकदा वडील हरून आले, आईनं काही न बोलता ताटात तांबडा वाढला, वर पांढराही. म्हणाली, "घ्या, दोन्ही घ्या, कमी पडायला नको." आठ दिवस माणूस नीट जेवला नाही.

आणि खेळाडू या तालमीतनं त्या तालमीत गेला की संपलं. गल्लीत त्याच्या आईला भाजी घेताना लोक विचारायचं, "काय वो, पोरगं तिकडं गेलं म्हणं?" कोण नोकरीसाठी जातंय, कोण पैशासाठी, कोण भांडून. पेठ कारण विचारत नाही.

पण एक सांगतो. आमचा अनिकेत जाधव, रिक्षावाल्याचा पोरगा, २०१७ ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडनं उतरला. त्या रात्री कुठली पेठ आन् कुठली तालीम, सगळं गाव टीव्हीपुढं. म्हंजे पोरगं लांब गेलं की सगळ्यांचं होतंय. शेजारच्या पेठेत गेलं तर मात्र वैरी. आता याचं गणित तुम्हीच सांगा.

कुंपणावरचा

रणजी अजून कोणी मैदानात जाऊन बघतं? आश्चर्य आहे. आयपीएलच्या जमान्यात हे म्हणजे लँडलाइन जपण्यासारखं.

धंतोलीची_लेक

@कुंपणावरचा, नागपूरचा आयपीएल संघ नाही, म्हणून आम्हाला आपलं म्हणायला हाच आहे. लँडलाइन म्हणा हवं तर, पण नंबर आमच्या घरचा आहे.

मडगांवकार

बर्डीवाला, तुझा धागा वाचून मी उठून बाल्कनीत जाऊन आलो. कारण तू जे विचारतोस ते आमच्या मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर झालेलं आहे, आणि इतकं नीट झालेलं आहे की कोणी कथा लिहिली तर खोटी वाटेल.

२० डिसेंबर २०१५. आयएसएलचा (इंडियन सुपर लीग, फुटबॉल) अंतिम सामना, एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयिन, आमच्याच मैदानावर. नाताळ पाच दिवसांवर, गावभर नक्षत्रं लागलेली. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेनं फ्री किकवर गोल केला, २-१. माझ्या मागच्या रांगेतल्या एका बाबानं डोळे मिटून छातीवर क्रॉस केला. आम्ही घड्याळ बघत होतो, खेळ नव्हे. ती चूक. ९० व्या मिनिटाला गोंधळात चेंडू आमच्याच गोलरक्षकाला, लक्ष्मीकांत कट्टीमणीला लागून आत. २-२. आणि अतिरिक्त वेळेची वाट न बघता दोन मिनिटांत मेंडोझाचा गोल. ३-२. तीन मिनिटांपूर्वी आम्ही विजेते होतो.

स्टेडियममध्ये असा आवाज मी कधी ऐकला नाही. म्हणजे आवाज नव्हताच. प्लास्टिकची रिकामी बाटली पायरीवरून घरंगळत जात होती, ती ऐकू येत होती.

कट्टीमणी गोव्याचाच पोरगा. लोक नंतर त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मीही बोललो. पोर्तुगीज, कोंकणी, जे जे येत होतं ते सगळं.

आता २० मार्च २०२२. पुन्हा अंतिम सामना, पुन्हा फातोर्डा. पण गोवा नाही, हैदराबाद विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. सगळीकडे पिवळे शर्ट. सामना १-१, मग पेनल्टी शूटआउट. हैदराबादच्या गोलमध्ये कोण? कट्टीमणी. त्यानं तीन अडवल्या. तीन! ज्या मैदानावर आम्ही त्याला शिव्या घातल्या होत्या, त्याच मैदानावर त्यानं दुसऱ्याच गावाला करंडक मिळवून दिला.

मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. पोटात काही झालं नाही, गळ्यात झालं. टाळीबरोबर थोडी माफीही मागत होतो, पण सहा वर्षं उशिरा आणि विसाव्या रांगेतून, त्याला कुठे ऐकू जाणार.

दादरकर_७९

@मडगांवकार, याच्यापुढे माझं पियूष काहीच नाही. _/\_

रंकाळ्याचा_वारा

मडगावकर, एक नंबर. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या पोराच्या आईला कसं वाटलं असंल, दोन्ही वेळेला?"

कोथरूडची_वैदेही

इथे सगळे आपापले करंडक आणि अंतिम सामने घेऊन बसलेत. आम्ही महाराष्ट्र संघाचे चाहते काय आणू? आमचा शेवटचा रणजी करंडक १९४०-४१ चा. माझ्या आजीचं लग्नसुद्धा झालं नव्हतं.

२०१३-१४ ला मात्र वाटलं होतं. केदार जाधवनं त्या मोसमात १२२३ धावा केल्या. उपांत्यपूर्व सामन्यात वानखेडेवर मुंबईला आठ गडी राखून हरवलं (दादरकर, तुम्ही हे सोयीस्कररीत्या विसरलात). त्या दिवशी ऑफिसातल्या एका मुंबईकराला मी चितळ्यांची बाकरवडी नेऊन दिली. अर्धा किलो. तोंडानं एक अक्षर बोलले नाही. मग हैदराबादला अंतिम सामन्यात कर्नाटकनं हरवलं आणि त्यानं मला म्हैसूरपाक आणून दिला. शहाण्यानं पावशेरच आणला.

आमच्याकडे सध्या मुंबईचा पृथ्वी शॉ आहे. आल्या आल्या द्विशतक ठोकलं. मी टाळी वाजवली, पण जरा तपासून. पुणेकर आहे, पाहुण्याला चहा विचारतो, थांबाल का ते नंतर ठरवतो.

वऱ्हाडी_सिएटलात

उशिरा आलो, सगळं वाचलं. माझ्याकडे मैदानातली आठवण नाही, फोनवरची आहे.

डिसेंबर २०१७, उपांत्य सामना, ईडन गार्डन्स, समोर कर्नाटक. त्यांना १९८ हव्या होत्या, चौथ्या दिवसअखेर १११ वर ७. म्हणजे झालं आपलं काम, असं म्हणून मी इकडे संध्याकाळी वरण लावलं. भारतात सकाळ झाली, खेळ सुरू झाला, आणि त्यांची शेपटी आउटच होईना. विनय कुमार, मिथुन, अरविंद. फोनवर धावा चढत होत्या, मी एका हातानं फोन हलवतोय नि दुसऱ्या हातानं डाळ घोटतोय. १८०. १९०. बायको म्हणाली, जळतंय. मी म्हटलं, जळू दे. १९२ वर गुरबानीनं शेवटचा काढला. पाच धावांनी. गुरबानीचे त्या डावात सात, सामन्यात बारा.

मी एकटा स्वयंपाकघरात नाचलो. इथल्या शेजाऱ्यांना काय सांगणार? विदर्भ म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागली असती. वरण करपलेलंच खाल्लं. अजूनही करपल्याचा वास आला की मला ईडन गार्डन्स आठवतं.

बर्डीवाला, तुमच्या प्रश्नावर: मी अठरा वर्षांपूर्वी गाव सोडलं. मी दुसऱ्या संघात गेलेला माणूस आहे. इकडे काही चांगलं झालं की गावाकडे कोणी टाळी वाजवतं का, हे मी कधी विचारलं नाही. तुम्ही सरवटेसाठी वाजवलीत हे वाचून बरं वाटलं. इतकंच.

बर्डीवाला

@वऱ्हाडी_सिएटलात, भाऊ, तुम्ही तर विकेटच काढली माझी.

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या.

एक, दादरकरांसाठी. मार्च २०२४ ला रणजी अंतिम सामन्यासाठी मी वानखेडेवर होतो. आमचा पहिला डाव १०५ वर गुंडाळलात, मग ५३८ चं लक्ष्य दिलंत. शेवटच्या दिवशी अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांनी अख्खं सकाळचं सत्र खेळून काढलं. उपाहाराला ३३३ वर ५. माझ्या बाजूचा मुंबईकर पहिल्यांदा गप्प झाला होता, आणि त्यानं मला स्वतःहून वडापाव दिला. मी म्हटलं, हा घाबरला. वाडकर शतक करून गेला आणि पुढचे चार पंधरा धावांत. शेवटचा उमेश, धवल कुलकर्णीच्या चेंडूवर, आणि तो धवलचा शेवटचा सामना. तेव्हा सगळं वानखेडे उभं राहिलं. मीही राहिलो. हरलो होतो, तरी धवलसाठी वाजवली, आणि कोणी मान वळवून बघितलं नाही. (पुढच्याच वर्षी उपांत्य सामन्यात तुम्हाला नागपुरात ८० धावांनी हरवलं. पार्थ रेखाडेनं एकाच षटकात रहाणे, सूर्या आणि शिवम दुबे. वडापावची परतफेड समजा.)

दोन, त्या जामठ्याच्या काकांबद्दल. मी त्यांना वाईट रंगवलं, पण गोष्ट अर्धीच सांगितली. चौथ्या दिवशी करुण नायरनं शतक केलं आणि मोसमातल्या नऊ शतकांसाठी नऊ बोटं दाखवली, तेव्हा हेच काका खुर्चीवर चढले होते. मी सहज म्हटलं, "काका, हा तर कर्नाटकचा." ते खाली उतरले, घाम पुसला आणि म्हणाले, "असेल. जोवर इथं आहे तोवर आपला."

पाचव्या दिवशी सामना अनिर्णित राहिला, ३७ धावांच्या आघाडीवर करंडक आपला. खेळाडू मैदानात फोटो काढत होते. काका मात्र दुसरीकडे बघत होते, केरळचे खेळाडू उभे होते तिकडे. बराच वेळ कोणाला तरी शोधत होते. मग पिशवी उचलली, मला म्हणाले, "२०१९ ला अकरा घेतले होते ना रे त्यानं?" मी हो म्हटलं. ते पायऱ्या उतरून गेले.

आणि करुण आता परत कर्नाटकात गेला.

धंतोलीची_लेक

तो कर्नाटककडून जामठ्याला खेळायला आला तर काकांच्या बाजूची खुर्ची धर. आणि मला कळव, मी बाबांची वही घेऊन येते.

बर्डीवाला

ये. खापरीपर्यंत मेट्रोनं ये, पुढे मी घ्यायला येतो. तर्री-पोहे माझ्याकडून. दोनशे व्हायची वाट न बघता.